आधी पाडस, मग आई

जर्मनीत शिकारीचा परवाना मिळवायचा तर परीक्षा द्यावी लागते. लेखी, तोंडी आणि नेमबाजीची. प्राण्यांचे रोग, झाडांची ओळख, बंदुकीची निगा, मांसाची तपासणी, कायदेकानू असा तिचा पसारा एवढा मोठा, की लोक गमतीनं तिला ‘हिरवी शालान्त परीक्षा’ म्हणतात. या परीक्षेला बसणाऱ्याला एक नियम पाठच असावा लागतो, आणि तो ऐकून आपल्याकडचा वाचक चक्रावून जाईल. हरणाची मादी आणि तिचं पाडस समोर उभं आहे आणि मादी मारायची आहे, तर पहिली गोळी पाडसाला. आईला आधी मारून पाडसाला मागे सोडणं तिथे केवळ गैर मानत नाहीत. तो गुन्हा आहे.

आपलं मन याच्या अगदी उलट कौल देतं. मोठ्याला मारा पण लहानग्याला सोडा, असंच कुणालाही वाटेल. मासेमारीत ही भावना आणि शास्त्र दोन्ही एकाच बाजूला असतात. महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली ५४ प्रकारच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, तो याच विचारानं. माशाला निदान एकदा अंडी घालण्याची संधी मिळावी, मग तो पकडावा. पण पापलेट किंवा बांगडा आपल्या पिल्लाला वाढवत नाही. हरीण वाढवतं. त्याची आई मेली, की मागे उरलेल्या पाडसाचं काय होतं, हा प्रश्न माशाच्या बाबतीत उद्भवतच नाही. हरणाच्या बाबतीत मात्र सगळा नीतिविचार याच प्रश्नाभोवती फिरतो.

जर्मनीचा केंद्रीय शिकार कायदा याबाबत स्पष्ट आहे. त्याच्या २२ व्या कलमानुसार विणीच्या काळात, पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत, त्यांच्या संगोपनासाठी गरजेच्या असलेल्या आईबापांची शिकार करता येत नाही. जाणूनबुजून नियम मोडला तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा दंड होऊ शकतो. मेख अशी, की केंद्रीय वेळापत्रकानुसार रो जातीच्या हरणांच्या माद्यांचा हंगाम १ सप्टेंबरला उघडतो आणि तेव्हा पाडसं आईच्या मागेमागेच असतात. म्हणजे कॅलेंडर सांगतं, मादी मारायला मोकळीक आहे. २२ वं कलम सांगतं, तिचं पाडस तिच्यावर विसंबून असेल तर नाही. या दोन्हींतून वाट एकच उरते. आधी पाडस, मग आई.

मे महिन्यातला शिकारी

रो हरीण म्हणजे युरोपातलं सगळ्यात सामान्य हरीण. अंगानं आपल्या भेकराएवढं, वीस ते तीस किलोंचं. एकट्या जर्मनीत दरवर्षी बारा लाखांच्या आसपास रो हरणं मारली जातात. माद्या मे-जूनमध्ये वितात, बहुतेकदा जुळ्यांना जन्म देतात आणि पिल्लांना उंच गवतात लपवून चरायला जातात. पहिले दोन-तीन आठवडे या पाडसाला पळण्याची बुद्धी नसते. धोक्याची चाहूल लागली, की ते जमिनीला चिकटून निपचित पडतं. अंगाला गंध जवळजवळ नाही, पाठीवर पांढरे ठिपके. कोल्ह्याला चकवण्यासाठी ही युक्ती फार उत्तम आहे. गवत कापणाऱ्या यंत्रासाठी मात्र ती जीवघेणी ठरते.

कारण नेमक्या याच दिवसांत जर्मन शेतकरी वैरणीचं गवत कापतो. ट्रॅक्टरला जोडलेली कित्येक मीटर रुंदीची पाती वेगानं फिरत येतात आणि पाडस जागचं हलत नाही. तिथल्या एका प्रचलित अंदाजानुसार वर्षाला सुमारे एक लाख पाडसं अशी कापली जातात. ती वाचवायला पहाटे कोण बाहेर पडतं? अनेकदा गावातले शिकारीच. जमीन गार असताना उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेला ड्रोन शेतावरून फिरवायचा, पडद्यावर पांढरा ठिपका दिसला की तिथे जायचं, हातमोजे घालून, गवताच्या जुडीत धरून पाडस अलगद उचलायचं आणि कापणी संपेपर्यंत बांधावर खोक्याखाली ठेवायचं. माणसाचा वास लागू नये म्हणून एवढी काळजी. २०२१ पासून केंद्र सरकार अशा ड्रोनसाठी अनुदानही देऊ लागलं.

जुन्नर भागातल्या ऊसतोडणीशी परिचित असलेल्यांना हे चित्र नवं वाटणार नाही. बिबट्याची मादी उसात विते, तोडणी सुरू झाली की बछडे उघडे पडतात. मग वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली मंडळी त्यांना त्याच जागी ठेवून रात्री आई येऊन घेऊन जाईल अशी व्यवस्था करतात. फरक पुढे आहे. मे महिन्यात ज्या माणसानं पाडसाला ओंजळीत उचलून वाचवलं, तोच माणूस सप्टेंबरनंतर मचाणावर बसून त्याच पाडसावर नेम धरतो. त्याला यात विसंगती वाटत नाही. यंत्राखाली पाय तुटून तडफडत मरणं आणि चरता चरता एका गोळीत पडणं, या दोन्ही गोष्टी त्याच्या लेखी एकाच मापानं मोजायच्या नाहीत. पटो वा न पटो, त्याच्या नीतीचा पाया यातून दिसतो. प्राणी मरतो की नाही यापेक्षा तो कसा मरतो आणि मागे काय सोडून जातो, याला तिथे महत्त्व आहे.

आईविना उरलेलं पाडस

हा पाया कितपत पक्का आहे, हे त्या त्या जातीवर अवलंबून आहे. लाल हरीण घ्या. आपल्या सांबराच्या आसपासच्या आकाराचं हे हरीण कळपात राहतं आणि कळपात माद्यांची उतरंड असते. पाडसाचं कळपातलं स्थान आईच्या स्थानावरून ठरतं. आई गेली, की ते स्थानही जातं. मग अनाथ पाडसाला चांगल्या चाऱ्यावरून हुसकावलं जातं, ते कळपाच्या कडेकडेनं फिरतं, हिवाळ्यात खंगतं. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या रम बेटावर शास्त्रज्ञ गेली अनेक दशकं लाल हरणांच्या एकेका जिवाची जन्मापासून मरणापर्यंत नोंद ठेवत आले आहेत. त्या नोंदींतून असं दिसलं, की दूध सुटल्यानंतर आई गेली तरीही पिल्लाच्या मृत्यूचा धोका वाढतो आणि नर पिल्लांना याची झळ जास्त काळ लागते. दूध सुटलं म्हणजे पाडस स्वतंत्र झालं, असं लाल हरणाच्या बाबतीत म्हणता येत नाही.

अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं गणित वेगळं. त्याची पाडसं उत्तरेकडच्या राज्यांत मे-जूनमध्ये जन्मतात आणि बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरमध्ये येतो. तोवर ती साडेपाच महिन्यांची झालेली असतात. अंगावरचे ठिपके गेलेले, दूध सुटलेलं, वजन आईच्या साधारण निम्मं. या वयात आई मारली गेली तरी बहुतेक पाडसं तगतात. नर पिल्लांच्या बाबतीत तर एक गंमत आढळली. एरवी वर्षाच्या नराला त्याची आईच हाकलून देते आणि त्याला अनोळखी मुलुखात भटकावं लागतं. रस्ते ओलांडताना, नव्या शिकाऱ्यांच्या तावडीत सापडून यातले बरेच मरतात. आई नसलेला नर मात्र अनेकदा जन्मलेल्या जागीच राहतो आणि म्हणून या धोक्यांतून वाचतो.

म्हणजे ‘आईला मारलं तर पाडस हालहाल होऊन मरेल’ हे विधान स्कॉटलंडच्या डोंगरात खरं ठरेल, सप्टेंबरमधल्या जर्मन कुरणात खरं ठरेल आणि नोव्हेंबरमधल्या ओहायोच्या मक्याच्या शेतात बहुधा खोटं ठरेल. नीतीचा नियम सगळीकडे एकच असू शकतो: मागे उरणाऱ्याचे हाल होऊ देऊ नका. त्यातून निघणारी कृती मात्र प्राणी, महिना आणि मुलूख पाहून बदलते.

विस्कॉन्सिन, १९४३

लहान हरणाला हात न लावण्याचा हट्ट कुठे नेऊ शकतो, याचा धडा अमेरिकेनं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घेतला. विसावं शतक उजाडलं तेव्हा बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे तिथली हरणं काही लाखांवर आली होती. म्हणून राज्याराज्यांत कडक नियम आले. माद्या आणि पाडसं मारायची नाहीत, फक्त शिंगवाले नर मारायचे. नियम गरजेचा होता आणि त्यानं काम चोख केलं. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे नर कितीही मारले तरी प्रजा वाढतच राहिली. लांडगे तर आधीच जवळजवळ संपवले होते. काही दशकांतच उत्तर विस्कॉन्सिनच्या जंगलात चारा कमी आणि हरणं जास्त अशी अवस्था आली.

१९४२-४३ च्या हिवाळ्यात आल्डो लिओपोल्ड यांच्या नेतृत्वाखाली नागरिकांची एक समिती तिथे पाहणीला गेली. लिओपोल्ड हे वन्यजीव व्यवस्थापन या विषयाचे अमेरिकेतले आद्य प्राध्यापक आणि स्वतः शिकारी. १९३५ साली त्यांनी जर्मनीतली जंगलंही पाहिली होती आणि हरणांनी खाऊन ओरबाडलेल्या तिथल्या वनांबद्दल लिहिलं होतं. विस्कॉन्सिनच्या बर्फात त्यांना उपासमारीनं मेलेली हरणं दिसली आणि त्यात पाडसांचा भरणा मोठा होता. कारण सरळ आहे. भुकेली हरणं झाडाच्या फांद्या तोंड पोचेल तिथवर खाऊन टाकतात. मोठं हरीण मागच्या पायांवर उभं राहून वरचा पाला ओढतं. पाडसाचं तोंड तिथवर पोचत नाही. शिवाय पहिल्या वर्षी त्याचं खाणं वाढीत खर्ची पडतं, अंगावर चरबी साठत नाही. दुष्काळ आला की पहिला बळी त्याचा.

लिओपोल्ड यांनी माद्या आणि पाडसं मारायला परवानगी द्यावी अशी बाजू मांडली आणि १९४३ च्या हंगामात राज्यानं ती दिली. त्या वर्षी सव्वा लाखाहून जास्त हरणं मारली गेली. लोक खवळले. वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली, त्या हंगामाला ‘४३ चा गुन्हा’ असं नावच पडलं आणि लिओपोल्ड यांना शिव्याशाप खावे लागले. शिंगवाल्या नराला मारणारा मर्द आणि माय-लेकरांना मारणारा खाटीक, ही समजूत शिकाऱ्यांमध्येच सगळ्यात घट्ट होती. १९४८ साली लिओपोल्ड गेले. त्यानंतर काही वर्षांतच विस्कॉन्सिनला पुन्हा त्याच वाटेनं जावं लागलं.

लोकांचा राग समजून घ्यायचा तर आणखी एक तारीख लक्षात घ्यायला हवी. ‘४३ च्या गुन्ह्या’च्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९४२ मध्ये, डिस्नेचा ‘बॅम्बी’ चित्रपट आला होता. पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीनं मरते, हा त्यातला प्रसंग पाहून मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या रडल्या. ‘आउटडोअर लाइफ’ या शिकारविषयक मासिकाच्या संपादकानं हा अमेरिकी शिकाऱ्यांचा अपमान असल्याचं सांगत निषेध नोंदवला. मूळ कादंबरी मात्र १९२३ सालची, व्हिएन्नात राहणाऱ्या फेलिक्स साल्टन यांची; आणि साल्टन स्वतः शिकार करत. त्यांचा बॅम्बी रो हरीण होता, डिस्नेनं त्याला पांढऱ्या शेपटीचं केलं. चित्रपटातल्या शिकाऱ्यानं जे केलं, म्हणजे आईला मारून पाडसाला जिवंत मागे सोडलं, तेच नेमकं जर्मन शिकारनीतीत सगळ्यात मोठं पाप आहे. प्रेक्षकांना मात्र त्यातून उलटाच धडा मिळाला: निदान पाडस तरी वाचलं.

मुद्दल आणि व्याज

भावनेपलीकडे संख्याशास्त्राचाही एक मुद्दा आहे. हरणांच्या प्रजेत सगळ्यात मोलाची असते ती वयात आलेली, सुदृढ मादी. ती मुद्दल, पाडसं हे व्याज. जन्मलेल्या पाडसांपैकी बरीचशी पहिल्या वर्षात तशीही मरतात. अस्वल, कोयोटे, कोल्हे, रोगराई, थंडी या सगळ्यांचा पहिला घाला त्यांच्यावर. अमेरिकेतल्या काही भागांत निम्मी पाडसं पहिला हिवाळाही पाहत नाहीत. म्हणून शरद ऋतूत एक पाडस मारल्यानं पुढच्या वर्षीच्या संख्येवर जितका परिणाम होतो, त्याहून किती तरी मोठा परिणाम एक प्रौढ मादी मारल्यानं होतो. कळप आहे तेवढा राखायचा असेल तर पाडसं मारणं हा सगळ्यात कमी नुकसानीचा मार्ग. कळप कमी करायचा असेल तर माद्यांना हात घालावा लागतो, आणि मग ‘आधी पाडस’ हा नियम ओघानं येतो.

स्वीडननं हे मूस या महाकाय हरणाच्या बाबतीत करून पाहिलं. १९७० च्या दशकात तिथल्या शिकाऱ्यांनी मोठ्या माद्यांऐवजी वर्षाच्या आतली पिल्लं मोठ्या प्रमाणावर मारायला सुरुवात केली. जंगलतोडीनंतर उगवलेला कोवळा पाला होता आणि लांडगे-अस्वलं फारशी उरली नव्हती. त्यात विणाऱ्या माद्या राखल्या गेल्या. मूस झपाट्यानं वाढले. १९८२ साली तर एका हंगामात सुमारे पावणेदोन लाख मूस मारले गेले. पिल्लं मारूनही प्रजा वाढते, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण आजही स्कँडिनेव्हियात मारल्या जाणाऱ्या मूसमध्ये पिल्लांचा वाटा मोठा असतो. तिथल्या खेड्यात कुणी त्याची लाज बाळगत नाही.

अमेरिकी शिकारी मात्र बाळगतो, आणि त्याची लाज जरा तपासून पाहण्यासारखी आहे. तिथे सहा महिन्यांच्या नर पाडसाच्या कपाळावर कातडीखाली दोन गुठळ्या असतात, शिंगांचे कोंब. लांबून ते मादीसारखंच दिसतं आणि मादी समजून मारलं जातं. जवळ जाऊन कपाळावर हात फिरवला, की चूक कळते. असं झालं की शिकारी खजील होतो, सोबती चिडवतात. पण खंत कशाची असते? पुष्कळदा ती एका कोवळ्या जिवाची नसते. तीन-चार वर्षांनी भिंतीवर टांगण्याजोगी शिंगं आली असती, ती गेली याची असते. १९७० च्या दशकापासून तिथे ‘दर्जेदार हरणं’ वाढवण्याची चळवळ रुजली, तिनंही कोवळे नर राखा असंच शिकवलं. या चळवळीनं शिकाऱ्यांना नीट पाहायला लावलं, हे तिचं श्रेय. पण नर पाडस सोडायचं आणि त्याच वयाची मादी मारायची, याला करुणा म्हणता येणार नाही. ती शिंगांची शेती झाली.

नीट पाहण्याची ती विद्या मात्र दोन्ही खंडांत सारखीच मोलाची आहे. पाडसाचं तोंड आखूड असतं, प्रौढ मादीचं लांबट. पाडसाचं अंग बाजूनं चौकोनी दिसतं, मादीचं आयताकृती. दोन हरणं शेजारी उभी असतील तर फरक पटकन कळतो. एकटं हरीण असेल तर आकाराचा अंदाज हमखास चुकतो. संध्याकाळी शेतात सगळ्यात आधी, एकटंच, बेधडक येणारं ‘मादी’सारखं हरीण बऱ्याचदा अननुभवी नर पाडस असतं. जर्मन शिकारी एकट्या मादीला पाहिलं की दुर्बिणीतून तिची कास बघतो. कास भरलेली असेल तर पाडस जवळपास कुठे तरी आहे, बंदूक खाली. शंका असेल तर गोळी नाही, एवढं पथ्य पाळलं तर निम्मी पापं टळतात.

नियमाची काळी बाजू

इतकं झाल्यावर जर्मन नियम निर्दोष आहे, असा समज होऊ नये. तो पाळताना काय घडतं, ते नीट पाहिलं पाहिजे. पाडस पडतं. आई उधळते, थोडं अंतर पळते आणि थांबते. मागे पाडस आलेलं नाही हे तिला कळतं, आणि पुष्कळदा ती परत फिरते. शिकारी त्याच क्षणाची वाट पाहत असतो. दुसरी गोळी तिला. दोघंही मिळाली, म्हणजे काम चांगलं झालं असं मानतात. आईची माया हीच इथे तिला जाळ्यात ओढते. नियमाचा हेतू दयेचा, पण त्याचं साधन निर्दय. शिकारनीतीची पुस्तकं हे लपवत नाहीत. पण मोठ्यानं सांगतही नाहीत.

दुसरी अडचण हाकाऱ्याच्या शिकारीत येते. शरदात जंगल उठवून, कुत्री सोडून मोठ्या प्रमाणावर हरणं मारली जातात. त्या धावपळीत आई आणि पाडस यांची ताटातूट होते. शिकाऱ्यासमोरून एकटी मादी धावत जाते. तिला पाडस आहे का? कास बघायला वेळ कुठला? म्हणून चांगल्या आयोजनात लाल हरणाच्या एकट्या मादीवर गोळी झाडायलाच मनाई असते. पण मारायचा आकडा पुरा करण्याची घाई असली, की पथ्य सैल पडतं. टीका करणाऱ्यांत खुद्द शिकारी आहेत, ही त्यातली जमेची बाजू.

मग मुळातला आक्षेप उरतो. मारायचंच कशाला? अमेरिकी तत्त्वज्ञ टॉम रीगन यांनी १९८३ साली ‘प्राण्यांच्या हक्कांची बाजू’ मांडणाऱ्या आपल्या ग्रंथात सांगितलं, की प्रत्येक सस्तन प्राणी स्वतःचं आयुष्य जगत असतो. कळपाच्या भल्यासाठी एकाचा बळी देणं हे त्या एकावर अन्यायच आहे. या नजरेनं पाडस आधी की आई आधी, हा प्रश्नच चुकीचा. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण तो मान्य केला तरी उपाशी हरणं, ओरबाडलेलं जंगल आणि अमेरिकेच्या रस्त्यांवर वर्षाला दहा लाखांहून जास्त वेळा गाड्यांना धडकणारी हरणं, यांचं उत्तर द्यावंच लागतं. न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर १९९० च्या दशकात माद्यांना गर्भनिरोधक लस टोचून पाहिली. स्टेटन आयलंडवर २०१६ पासून नरांची नसबंदी केली गेली. बेटासारख्या बंदिस्त जागी हे जमतं, खर्च पेलला तर. लाखो हरणांच्या मोकळ्या मुलखात ते जमलेलं नाही. लांडग्यांचं परतणं हा दुसरा पर्याय. जर्मनीत २००० साली लुसाशियाच्या भागात बऱ्याच काळानं पुन्हा लांडग्याची पिल्लं जन्मली आणि आता तिथे शेकड्यांनी लांडगे आहेत. पण लांडग्याला शिकारनीती शिकवावी लागत नाही, कारण तोही पहिल्यांदा पाडसालाच गाठतो.

आपल्याकडे

भारतात या प्रश्नाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या १९९१ सालच्या दुरुस्तीनं पूर्णविराम दिला. त्या कायद्याखाली परवानगीविना हरणाची शिकार, मग ते पाडस असो वा नर, गुन्हाच आहे. तरी शिकारीत केव्हा मारू नये, हा विचार आपल्याला परका नाही. महाभारतात पंडू राजानं मृगरूपातल्या किंदम ऋषींना बाण मारला. शाप देताना ऋषी राजाला मृगयेबद्दल दोष देत नाहीत; समागमाच्या क्षणी मारलंस, थांबला नाहीस, याबद्दल देतात. दोष प्राणी मारण्यात नव्हे, वेळ न पाळण्यात होता.

युरोपातलं वेळापत्रक मात्र आपल्याला लागू पडणार नाही. आपलं चितळ वर्षभर वितं. काही महिन्यांत जास्त, इतकंच. त्यामुळे पाडसाला जपणारा बंद हंगाम त्याच्यासाठी आखताच येत नाही. अंदमानात हा पेच खरोखरच उभा आहे. ब्रिटिशांनी तिथे नेऊन सोडलेली चितळं वाघ-बिबट्यांच्या अभावी फोफावली आणि बेटांवरच्या मूळ जंगलाची कोवळी रोपं खाऊन टाकतात. इकडे विदर्भ-मराठवाड्यात रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं शेतात घुसतात, म्हणून मारण्याची परवानगी मागितली जाते. बिहारमध्ये मोकामाच्या पट्ट्यात जून २०१६ मध्ये दोनशेहून अधिक नीलगायी परवानगीनं मारल्या गेल्या, तेव्हा देशभर वाद झाला. वाद मुख्यतः मारावं की मारू नये, एवढ्यापुरताच राहिला.

तो प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण ‘मारावं’ असा निर्णय जिथे होतो, तिथे त्याच्या पाठोपाठ आणखी तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत: कोणत्या महिन्यात, कुणाला आधी आणि मागे कोण उरणार. या प्रश्नांची उत्तरं न देता काढलेला मारण्याचा आदेश शेतकऱ्याला काही काळ दिलासा देईल, पण शेताच्या बांधापलीकडे आईविना पिल्लं सोडून जाईल. पाडसाच्या डोळ्यांकडे बघून विरघळणं सोपं आहे आणि ते माणुसकीचं लक्षणही आहे. पण ते पाडस सोडून त्याच्या आईवर बंदूक रोखणाऱ्याला दयाळू म्हणता येत नाही. हरणाच्या कळपावर बंदूक उचलण्याची वेळ आलीच, तर लहानाला वगळण्यापेक्षा अनाथ कुणाला न करणं ही अधिक प्रामाणिक नीती आहे. आणि ती पाळण्याइतकं नीट बघता येत नसेल, तर बंदूक उचलण्याचा अधिकारही नाही.